नवजात अर्भकांतील वमन : जठरनिर्गम संकोचाच्या निदान व उपचारांचा इतिहास

नवजात अर्भकाने दूध टाकणे ही घरोघरची बाब आहे. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचे नियंत्रण अपरिपक्व असल्याने पाजल्यानंतर थोडे दूध बाहेर येते. वजन वाढत असल्यास त्यास सहसा उपचार लागत नाहीत. तथापि प्रत्येक वमन निरुपद्रवी नसते. अशा वेळी मराठी घरांत 'आईचे दूध बाधले' किंवा 'दृष्ट लागली' असे म्हटले जाते. पाश्चात्य वैद्यकासही खरे कारण उमगण्यास दीर्घ काळ लागला. जठरनिर्गम संकोचाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक ठरतो.

या विकारात जठराच्या निर्गमद्वाराचा स्नायू जाड होऊन मार्ग अरुंद होतो. साधारणतः तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात वेगाने दूर फेकली जाणारी, पित्तरहित उलटी सुरू होते. उलटीनंतर बाळ पुन्हा भुकेले असते. मुलांमध्ये हे प्रमाण मुलींच्या सुमारे चौपट आढळते.

अमेरिकेतील हेझेकाया बिअर्ड्सली यांनी १७८८ मध्ये अशा एका बालकाची नोंद केली. परंतु विकाराचे स्वरूप स्पष्टपणे मांडले ते कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हॅरल्ड हिर्शस्प्रुंग यांनी. दोन मृत अर्भकांच्या शवविच्छेदनावर आधारित त्यांचे निरीक्षण १८८७ मध्ये सादर झाले व १८८८ मध्ये प्रसिद्ध झाले. कारण कळले तरी उपाय नव्हता. आरंभीच्या शस्त्रक्रियांत मृत्यूचे प्रमाण मोठे होते.

फ्रान्समधील पियर फ्रेदे यांनी आतील श्लेष्मल आवरणास धक्का न लावता स्नायू छेदून तो आडवा शिवण्याची पद्धत अवलंबिली. जर्मनीतील म्युन्स्टर येथे १९११ मध्ये कॉनराड राम्श्टेट हेही स्नायू शिवू पाहत होते. परंतु ताणामुळे टाके तुटले व छेद उघडाच राहिला. बाळ वाचले. टाक्यांची मुळी गरजच नसल्याचे त्यावरून त्यांनी ताडले, पुढील रुग्णात छेद मुद्दाम उघडा ठेवला आणि १९१२ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. तिचे मूलतत्त्व आजही कायम आहे.

मृत्यू केवळ उपासमारीने होत नसे. उलटीवाटे आम्ल, क्लोराइड व पाणी जाऊन रक्त अल्कधर्मी होते. जेम्स गॅम्बल व सहकाऱ्याने १९२५ मध्ये अशा निर्जलीभवनाची कारणमीमांसा केली. म्हणूनच आता आधी शिरेवाटे द्रव व क्षार देऊन समतोल साधला जातो व नंतर शस्त्रक्रिया होते. १९७७ पासून निदानास सोनोग्राफीची जोड मिळाली.

हिरवी उलटी मात्र वेगळा इशारा देते. आतड्याच्या सदोष वलनामुळे पीळ पडल्यास काही तासांतच आतडे मृत होऊ शकते. या विकारावरील शस्त्रक्रिया विल्यम लॅड यांनी १९३६ मध्ये वर्णिली.

सारांश, मातेच्या दुधास दोष देण्यापूर्वी उलटीचा रंग, वेग, बाळाचे वय व वजन पाहणे आवश्यक ठरते. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी जे केवळ शवविच्छेदनातून उमगले, ते आज जिवंत बाळात वेळीच ओळखता येते. मात्र त्यासाठी बाळ वेळेत रुग्णालयात पोहोचले पाहिजे.