खुर्ची सोडणारा कारभारी : डॉ. जॉन मथाई

जळगावहून भुसावळकडे जाताना वाटेत नशिराबाद लागते. गावाच्या परिसरात सिमेंटचा कारखाना आहे. पुढे गेले की भुसावळ, रेल्वेचे मोठे जंक्शन. मागे जळगाव, कापूस, केळी आणि सोन्याची बाजारपेठ. या लहानशा पट्ट्यातील कित्येक घरांत एक भाऊ रेल्वेच्या सेवेत असतो, दुसरा कारखान्यात पाळीवर जातो आणि शेती सांभाळणारा तिसरा पीककर्जासाठी बँकेची पायरी चढतो. सरकार, उद्योग आणि बँक ही तीन जगे आमच्या भागात अशी एकाच चुलीभोवती बसलेली आढळतात.

तरीही सरकारातील एखादा मोठा माणूस पद सोडून एखाद्या कंपनीच्या गादीवर बसला, की आमच्या मनात शंकेची पाल चुकचुकते. ‘आधी त्यांचे भले केले असेल, आता त्याचे मोल वसूल करीत असेल,’ असे आम्ही सहज बोलून जातो. ही शंका केवळ आमचीच नव्हे. फ्रान्समध्ये या प्रकाराला ‘पांतुफ्लाज’ असे नावच पडले आहे. ‘पांतुफ्ल’ म्हणजे घरात घालायची मऊ सपात. सरकारी सेवेतील टाचदार बूट काढून खाजगी उद्योगातील सुखाची सपात पायात सरकवणे, हा त्यातील टोमणा. तिएरी ब्रतों हे तेथील अलीकडचे ठळक उदाहरण. ते आधी दूरसंचार कंपनीचे प्रमुख होते. २००५ ते २००७ या काळात फ्रान्सचे अर्थमंत्री झाले. नंतर एका मोठ्या संगणक कंपनीचे सूत्रधार आणि २०१९ पासून २०२४ पर्यंत युरोपीय आयोगाचे आयुक्त. अशा ये-जा करणाऱ्या माणसाला कोणत्या मापाने मोजावे? या प्रश्नाचे उत्तर आम्हास आपल्याच देशातील एका ख्रिस्ती अर्थतज्ज्ञाच्या चरित्रात सापडते. ते म्हणजे डॉ. जॉन मथाई.

मथाई मराठी नव्हते. १८८६ साली केरळातील एका सिरियन ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. परंतु त्यांच्या कर्तृत्वाचा मोठा काळ मुंबईत गेला, आणि त्यांच्या हातून जे घडले त्याचा संबंध खानदेशातील शेतकऱ्याच्या पासबुकापर्यंत पोहोचतो. मद्रासमध्ये शिक्षण व काही काळ वकिली झाल्यावर ते इंग्लंडला गेले. लंडनमध्ये त्यांनी ब्रिटिश अमदानीतील हिंदुस्थानच्या ग्रामकारभारावर प्रबंध लिहिला. तो १९१५ साली ग्रंथरूपाने निघाला. खेडे हा या विद्वानाच्या अभ्यासाचा पहिला विषय होता, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. परत आल्यावर १९१८ च्या सुमारास त्यांनी मद्रास सरकारच्या सहकार खात्यात काम केले. त्याच १९१८ साली इकडे वसईत मॉन्सिनिअर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने कॅथलिक सहकारी पतसंस्थेचा पाया घातला गेला. तीच आजची बॅसीन कॅथलिक सहकारी बँक. गरिबाची पत हाच त्या काळच्या अनेक विचारी ख्रिस्ती माणसांच्या चिंतेचा विषय होता.

पुढे मथाई मद्रासमध्ये अर्थशास्त्राचे प्राध्यापक आणि तेथील विधिमंडळाचे सदस्य झाले. १९२५ मध्ये त्यांची नेमणूक टॅरिफ बोर्डावर झाली व कालांतराने ते त्याचे अध्यक्ष झाले. परदेशी मालाशी टक्कर देणाऱ्या कोणत्या देशी उद्योगाला जकातीचे संरक्षण द्यावे, याचा निवाडा हे मंडळ करी. त्यानंतर व्यापारविषयक माहिती व सांख्यिकी खात्याचे महासंचालकपद सांभाळून १९४० साली ते निवृत्त झाले आणि टाटांच्या उद्योगसमूहात दाखल झाले. ज्याने उद्योगांच्या मागण्यांचा न्याय केला तोच उद्योगात गेला! शंका घेण्यास येथे जागा आहे, आणि ती आम्ही झाकून ठेवू इच्छित नाही. माणूस एका घरातून दुसऱ्या घरात जाताना सोबत काय नेतो, ज्ञान नेतो की वशिला, हे त्याच्या पुढील वागण्यावरूनच ओळखावे लागते.

१९४४ च्या आरंभी आठ उद्योगपती व तज्ज्ञांनी मिळून हिंदुस्थानच्या आर्थिक विकासाची एक योजना मांडली. तिला ‘मुंबई योजना’ म्हणतात. पुरुषोत्तमदास ठाकुरदास, जे. आर. डी. टाटा, घनश्यामदास बिर्ला प्रभृतींबरोबर तीवर मथाई यांचीही सही होती. पंधरा वर्षांत दहा हजार कोटी रुपये खर्चून दरडोई उत्पन्न दुप्पट करावे, आणि त्या कामी सरकारने मोठा भाग उचलावा, असे भांडवलदारांनीच म्हणावे हे त्या काळी नवल होते.

१९४६ मध्ये हंगामी सरकार बनले तेव्हा मथाई यांना मंत्रिमंडळात बोलावण्यात आले. काँग्रेसच्या चळवळीतून वर आलेले ते पुढारी नव्हते. ज्ञान हेच त्यांचे भांडवल. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा ते रेल्वे व दळणवळणमंत्री झाले. फाळणीच्या त्या महिन्यांत गाड्यांतून माणसांचे लोंढे वाहत होते, गाड्यांवर हल्ले होत होते, इंजिने, डबे आणि कर्मचारी यांची दोन देशांत वाटणी चालली होती. भुसावळच्या रेल्वे वसाहतीतील जुन्या कुटुंबांच्या आजोबा-पणजोबांनी ज्या मंत्र्याच्या हाताखाली ते दिवस काढले, तो मंत्री हाच. त्यांच्या पत्नी अच्चम्मा मथाई यांच्या समाजसेवेचा गौरव पुढे १९५४ मध्ये पद्मश्री देऊन करण्यात आला.

१९४८ मध्ये षण्मुखम चेट्टी यांनी राजीनामा दिल्यावर मथाई अर्थमंत्री झाले. पुढील वर्षी ब्रिटनने पौंडाचे अवमूल्यन केले आणि भारतालाही रुपयाची किंमत उतरवावी लागली. साधारण ३ रुपये ३० पैशांना पडणारा डॉलर ४ रुपये ७६ पैशांवर गेला. २८ फेब्रुवारी १९५० रोजी त्यांनी प्रजासत्ताक भारताचे पहिले अंदाजपत्रक मांडले. त्यानंतर काही महिन्यांतच, जून १९५० मध्ये, ते मंत्रिपदावरून दूर झाले.

या राजीनाम्याचे कारण नीट समजून घेतले पाहिजे. त्या वर्षीच्या मार्चमध्ये नियोजन आयोग स्थापन झाला होता. मुंबई योजनेवर सही करणारा माणूस नियोजनाच्या विरोधात कसा गेला, असे कोणीही विचारील. मथाई यांचा आक्षेप नियोजनाला नव्हता. हा आयोग मंत्रिमंडळाला समांतर असे दुसरे मंत्रिमंडळ होऊन बसेल आणि संसदेला जबाबदार असलेल्या मंत्र्यांची जबाबदारी पातळ होईल, अशी त्यांना भीती होती. पाकिस्तानविषयक धोरणावरही त्यांचे पंतप्रधान नेहरूंशी पटले नाही. नेहरूंची बाजूही कमजोर नव्हती. दरिद्री देशाला दूरदृष्टीने आखणी करणारी संस्था हवीच होती, आणि हा आयोग २०१४ पर्यंत टिकला. कोण बरोबर होते हा वाद अर्थशास्त्रज्ञ करोत. आमच्या दृष्टीने मोलाची गोष्ट अशी, की पटत नसताना खुर्चीला चिकटून राहण्यापेक्षा मथाई यांनी ती रिकामी केली.

मराठी वाचकाला येथे दुसरी आठवण आल्यावाचून राहणार नाही. मथाई यांच्या जागी आले ते चिंतामणराव देशमुख. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनीही १९५६ मध्ये अर्थमंत्रिपद सोडले. आम्ही चिंतामणरावांचा राजीनामा अभिमानाने सांगतो. त्यांच्या आधी त्याच खुर्चीवरून उठून गेलेल्या मथाई यांना मात्र विसरतो.

मथाई पुन्हा टाटांच्या कारभारात परतले. ‘पांतुफ्लाज’ची सपात त्यांनी पायात घातली म्हणावी, तर ती फार काळ राहिली नाही. ज्या सरकारातून ते बाहेर पडले होते त्यानेच १९५३ मध्ये त्यांना करचौकशी आयोगाचे अध्यक्ष केले. त्यानंतर आले ते आमच्या खेड्यांशी थेट नाते जोडणारे काम.

ग्रामीण पतपुरवठ्याच्या १९५१-५२ च्या देशव्यापी पाहणीत एक विदारक सत्य बाहेर आले होते. शेतकऱ्याच्या कर्जातील सुमारे ७० टक्के रक्कम सावकारांकडून येई. सहकारी संस्थांचा वाटा ३ टक्क्यांहून थोडा अधिक, आणि व्यापारी बँकांचा १ टक्क्याहूनही कमी. या पाहणीच्या शिफारशीतून इंपीरियल बँकेचे रूपांतर होऊन १ जुलै १९५५ रोजी स्टेट बँक ऑफ इंडिया जन्मास आली. पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडण्याचे बंधन तिच्यावर घालण्यात आले. मोठ्या शहरांतील व्यापाऱ्यांची बँक आता तालुक्याच्या गावी जाणार होती. तिचे पहिले अध्यक्ष होते जॉन मथाई. तरुणपणी ग्रामकारभाराचा अभ्यास करणारा विद्यार्थी सत्तरीकडे झुकताना पुन्हा खेड्याच्या वेशीवर येऊन उभा राहिला. हे पदही त्यांनी फार काळ अडवून धरले नाही. मुंबई विद्यापीठाचे आणि त्यानंतर केरळच्या नव्या विद्यापीठाचे कुलगुरुपद सांभाळून २ नोव्हेंबर १९५९ रोजी ते निवर्तले. त्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण मिळाले होते.

झाडाची ओळख फळावरून होते, असे शुभवर्तमान आम्हास शिकवते. मथाई यांच्या आप्तांतील एक तरुण टाटांच्या पोलाद कारखान्यात उमेदवारी करीत होता. मोठ्या माणसाचा नातलग म्हणून ओळखले जाणे त्याला रुचले नाही. तो ती वाट सोडून निघाला आणि १९४९ मध्ये गुजरातेतील आणंदला पोहोचला. तेच दुग्धक्रांतीचे जनक डॉ. व्हर्गीस कुरियन. मथाई यांचे पुत्र रवी मथाई १९६५ साली अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे पहिले पूर्णवेळ संचालक झाले. १९७२ मध्ये आपण होऊन ते पद सोडून त्याच संस्थेत साधे प्राध्यापक म्हणून शिकवीत राहिले, आणि पुढे राजस्थानातील जवाजा येथील विणकर व चर्मकारांत जाऊन त्यांनी काम केले. एकाने वशिला नाकारला, दुसऱ्याने खुर्ची सोडली.

आमच्या धर्मग्रामातील पालक मुलांना सांगतात, ‘राजकारणात पडू नकोस, चांगली नोकरी धर.’ या उपदेशामागील काळजी आम्ही जाणतो. संख्येने थोड्या असलेल्या समाजाला सुरक्षित जागा प्रिय वाटते. परंतु दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने राजकारणाला कठीण तरी थोर सेवा मानले आहे, आणि सार्वजनिक जबाबदारी घेण्यास श्रद्धावंतांना उत्तेजन दिले आहे. ग्रामपंचायत असो, पतसंस्था असो, कारखान्याची कामगार संघटना असो की बँकेची शाखा. संत लूक यांच्या शुभवर्तमानातील दाखल्याप्रमाणे आपण सर्वत्र कारभारीच आहोत, मालक नव्हे. आणि प्रत्येक कारभाऱ्याला एक दिवस हिशेब द्यावाच लागतो.

म्हणून नशिराबादच्या रस्त्याने जाणाऱ्या आमच्या मुलाने उद्या कारखान्यात मोठे पद मिळवले काय किंवा जिल्हा परिषदेत निवडून आला काय, आम्ही त्याला दोनच प्रश्न विचारू. एका जागेवरून दुसरीकडे जाताना तू सोबत ज्ञान नेलेस की वशिला? आणि विवेकाने ऊठ म्हटले तेव्हा खुर्चीवरून उठलास की नाही? जॉन मथाई यांच्या चरित्रातून या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आम्हास मिळतात. आमच्या घरातून ती मिळावीत, एवढीच प्रार्थना.