दुष्काळाची घोषणा : बंगाल, १९४३

१८८० च्या दुष्काळ आयोगाच्या शिफारशींवरून हिंदुस्थानातील निरनिराळ्या प्रांतांत दुष्काळसंहिता तयार झाल्या. एकदा दुष्काळ जाहीर झाला की कामे काढणे, अपंगांस शिधा पुरविणे सरकारास भाग पडे. म्हणजे 'दुष्काळ' ही संज्ञा केवळ वर्णनपर नव्हती, बंधनकारक होती. १९४३ साली बंगाल सरकारने ती उच्चारलीच नाही. २२ ऑगस्ट रोजी कलकत्त्याच्या 'स्टेट्समन'ने उपासमारीची छायाचित्रे छापली, तरीही नाही. संहितेप्रमाणे द्यावयाचे धान्यच हाती नाही, म्हणून घोषणा केली नाही, असे हंगामी गव्हर्नर रदरफर्ड यांनी व्हाइसरॉयांस कळविले. कबुली प्रामाणिक खरी. पण औषध नाही म्हणून रोगाचे नाव घ्यावयाचे नाही, असाच हा न्याय झाला!

त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला वॉशिंग्टन येथे ४४ राष्ट्रांनी 'अन्रा' ही साहाय्यसंस्था स्थापिली. हिंदुस्थान तिचा सभासद होता. करारात युद्धपीडितांचा निर्देश होता. परंतु प्रत्यक्ष रोख शत्रूच्या ताब्यातून सुटलेल्या मुलखांकडे राहिला, आणि बंगाल बाहेरच राहिला.

१९४५ मध्ये वुडहेड आयोगाने मृतांची संख्या सुमारे १५ लाख धरली. पुढील अभ्यासकांनी ती बरीच अधिक मानली आहे. या आयोगाचे अधिकृत नाव मात्र 'दुष्काळ चौकशी आयोग' असेच होते.