गोविंदपंत बुंदेले यांच्यावरील अपहाराचा आरोप

मराठेशाहीतील दूरच्या मुलखाच्या कारभाऱ्यांविषयी लिहिताना ‘अपहार’ हा शब्द फार सढळ हाताने वापरला जातो. सरकारचा पैसा खाल्ला, खर्च वाढवून लिहिला, फौज थोडी ठेवून पगार पुऱ्या फौजेचा घेतला, अशा प्रकारचे आक्षेप पेशवाईच्या पत्रव्यवहारात पदोपदी आढळतात. दिल्लीस असलेले हिंगणे आणि अंताजी माणकेश्वर यांनी एकमेकांविरुद्ध केलेल्या तक्रारी अभ्यासकांस परिचित आहेतच. परंतु आक्षेप कागदावर आढळला म्हणजे तो शाबीत झाला असे नव्हे. या भेदाकडे दुर्लक्ष झाल्याने एका मनुष्याच्या नावास केवढा बट्टा लागतो, हे गोविंद बल्लाळ खेर ऊर्फ गोविंदपंत बुंदेले यांच्या प्रकरणावरून दिसून येईल.

गोविंदपंत हे रत्नागिरीकडील नेवरे गावचे. थोरल्या बाजीरावांनी १७२९ त छत्रसालास साहाय्य केले व त्यामुळे बुंदेलखंडातील मुलूख पेशव्यांकडे आला. त्याच्या वसुलाची व्यवस्था पुढे गोविंदपंतांकडे आली. सागर येथे ठाणे करून त्यांनी आपला अंमल काल्पीपर्यंत व यमुनेपलीकडे अंतर्वेदीत वाढविला. मुलूख वाढला तसा पुण्याचा संशयही वाढला. नानासाहेब पेशव्यांनी त्यांचा हिशेब पाहण्यास कारकून पाठविले. १७६० त भाऊसाहेब उत्तरेत उतरले तेव्हा तर पैशाविषयी निकडीच्या व रागाच्या पत्रांची रीघच लागली. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यात ही पत्रे छापली आणि प्रस्तावनेत पानिपतच्या अपयशाचा मोठा वाटा गोविंदपंतांच्या माथी मारला. तेव्हापासून हा ठपका कायम झाल्यासारखा झाला.

आता या आरोपाची छाननी करावयाची तर प्रथम बाकी आणि अपहार हे दोन शब्द निराळे ठेविले पाहिजेत. पेशवाईत मामलत घेणाऱ्यास वसूल येण्यापूर्वीच सरकारात रसद भरावी लागे. ही रक्कम तो बहुधा सावकाराकडून कर्जाऊ काढी व पुढे वसुलातून व्याजासह उगवून घेई. त्याच वसुलातून ठाण्यांची शिबंदी पोसावयाची, सरकारने परस्पर काढलेल्या वराती भागवावयाच्या, आणि उरेल ते हुंडीने पाठवावयाचे. वर्षअखेर झडती होई, तेव्हा कोणता खर्च मजुरा पडला व कोणता नामंजूर झाला हे ठरे. तात्पर्य, झडती होईपर्यंत मामलतदाराच्या नावावर दिसणारी बाकी ही त्याच्या घरात पुरलेली रक्कम असे मानणे हिशेबाच्या रीतीस सोडून आहे.

दुसरी गोष्ट मागणाऱ्याच्या अडचणीची. राघोबादादांची १७५७-५८ ची उत्तरेकडील स्वारी कीर्ती मिळवून परत आली, पण डोक्यावर भारी कर्जही घेऊन आली. भाऊसाहेबांस निघतानाच पैशाची ओढ होती. ऑगस्ट १७६० त दिल्ली हाती आली, तरी लष्कराच्या खर्चासाठी दिवाण-इ-खासचे रुप्याचे छत काढून आटवावे लागले. ज्या सरदाराची अशी ओढाताण चालली आहे, त्याने उत्तरेतील आपल्या सर्वांत मोठ्या मामलतदारास कठोर शब्द लिहिले यात नवल नाही. परंतु तगाद्याच्या पत्रास न्यायाच्या निवाड्याची किंमत देता येत नाही.

तिसरी गोष्ट काळाची. पैसा मागितला गेला तो १७६० च्या पावसाळ्यात. त्याच सुमारास अंतर्वेदीतील मराठ्यांची ठाणी नजीबखानाने उठविली, आणि जुलैत शुजाउद्दौला अब्दालीस मिळाला. यमुनेस पूर असताना नावा जमविण्याचे कामही गोविंदपंतांवरच होते. ठाणी गेल्यावर वसूल कोठून यावयाचा? शिवाय निघालेला पैसा आणि पोचलेला पैसा हे दोन आकडे त्या वर्षी एक नव्हते. जानेवारी १७६१ च्या आरंभी दिल्लीहून पानिपतास निघालेली पाराशर दादाजीची खजिन्याची तुकडी रात्री वाट चुकून अफगाणांच्या गोटात शिरली व बुडाली. जमाखर्चात अशी रक्कम कोणाच्या नावे लिहावी?

चौथी गोष्ट शेवटाची. अब्दालीची रसद तोडावी या हुकमाप्रमाणे गोविंदपंत उतारवयात अंतर्वेदीत शिरले. डिसेंबर १७६० त अताईखानाच्या स्वारांनी त्यांस एकाएकी गाठून ठार केले, आणि त्यांचे शिर भाऊसाहेबांकडे पाठविण्यात आले. पुढे त्यांचे पुत्र बाळाजी गोविंद व गंगाधर गोविंद यांच्याकडेच त्या प्रांताचा कारभार चालू राहिला. अपहार शाबीत झालेल्या मामलतदाराच्या घराण्याकडे मामलत अशी सुखाने राहती ना.

याचा अर्थ गोविंदपंत सर्वथा निर्दोष होते असा आमचा पक्ष नाही. त्यांच्याकडे बाकी होती. त्यांनी दिरंगाई केली असेल. आणि भाऊसाहेबांची निकड खोटी नव्हती. आमचे म्हणणे इतकेच की, दिरंगाई हा एक दोष आहे व चोरी हा दुसरा, आणि पहिल्याच्या पुराव्यावर दुसऱ्याची शिक्षा देता येत नाही. आरोप करणाऱ्याची पत्रे छापली गेली. आरोपिताचा बचाव त्याच्या पावत्यांत, वरातींत आणि झडत्यांत असतो, व ते कागद रुक्ष म्हणून मागे पडतात.

संग्राहकांनी याचा बोध घ्यावा असे आम्हांस वाटते. प्रश्न बुंदेलखंडापुरता नाही. नागपूरकर भोसल्यांचा छत्तीसगड व ओरिसातील अंमल असाच दूरवरचा होता, आणि तेथील कारभाऱ्यांविषयीही असेच प्रश्न उठतात. नागपुराहून रायपुरास जाणाऱ्या वाटेवर साकोली व देवरी यांच्या दरम्यान कोहमारा आहे. त्या बाजूस, आताच्या गोंदिया जिल्ह्यात, १९५१ पर्यंत मालगुजारी होती. अशा गावांतील जुन्या घरी फुटकळ जमाखर्च, शिबंदीची यादी किंवा फाटकी पावती आढळल्यास, तीत लढाईचे वर्णन नाही म्हणून ती टाकून देऊ नये. कोणा तरी कारभाऱ्याच्या नावावरील कलंक धुण्यास तोच एक चिटोरा पुरेसा असू शकेल.