मुलांचा हक्क आपण सोडायचा नसतो



मध्यंतरी ओळखीतल्या एका घरी बैठक बसली. नवरा-बायकोने वेगळे व्हायचे ठरवले होते. वडीलधारी म्हणाली, "मुलं तू ने, पण पुढे काही मागायचं नाही." तिने मान हलवली. मला मात्र रात्रभर झोप लागली नाही. ती जे सोडून आली, ते तिचे नव्हतेच. ते मुलांचे होते.

हा हक्क आजकालचा नाही. इंग्रजांच्या काळातल्या १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४८८ होते. ऐपत असून बाप मुलांना पोसत नसेल, तर मॅजिस्ट्रेट महिन्याला रक्कम ठरवून देई. बायको-मुले रस्त्यावर येऊ नयेत, एवढाच हेतू होता. रक्कम जास्तीत जास्त ५० रुपये. १९२३ साली ती मर्यादा १०० झाली, १९५५ साली ५००. १९७३ च्या नव्या संहितेत कलम १२५ आले, तरी आकडा ५०० च राहिला. महागाई कुठल्या कुठे गेली, पोटगी तिथेच! शेवटी २००१ साली ही मर्यादा काढून टाकली. आता तेच कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ क्रमांकाने आहे.

आपल्यासाठी महत्त्वाचा आहे तो १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा. नावात हिंदू असले तरी त्यात जैनांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्याच्या कलम २० ने मुलांना पोसण्याची जबाबदारी बापावर आणि आईवरही टाकली. म्हणजे कमावत्या आईलाही आपला वाटा उचलावा लागतो. अविवाहित मुलीला स्वतःच्या कमाईतून किंवा मालमत्तेतून भागवता येत नसेल, तर अठरा वर्षांनंतरही तिचा हक्क संपत नाही. निर्वाहात तिच्या लग्नाचा वाजवी खर्चही धरला आहे.

४ नोव्हेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने आणखी दोन गोष्टी पक्क्या केल्या. दोघांनीही आपले उत्पन्न आणि मालमत्ता शपथपत्रावर सांगायची, आणि पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून द्यायची. त्यामुळे तारखांवर तारखा पडल्या, तरी मधल्या महिन्यांचे पैसे बुडत नाहीत.

बैठकीत आईने "नको" म्हटले, म्हणून मुलांचा हक्क जात नाही, असे न्यायालये सांगत आली आहेत. त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी हेच सांगितले. ती म्हणाली, "काकू, मागायला लाज वाटते."

लाज कसली गं? मुलांची फी, दूध, औषध बापाकडे मागणे म्हणजे भीक नव्हे. संसार मोडला, तरी आईबापपण मोडत नाही. पुढच्या वेळी अशी बैठक आपल्या घरात बसली, तर गप्प बसू नका.