ठिणगीचा हिशेब

आपल्याकडे मोटारसायकलीचा इतिहास लिहिला जातो तो बहुधा कंपन्यांचा किंवा मॉडेलांचा. याच इतिहासाकडे एका साध्या प्रश्नातूनही पाहता येते : सिलिंडरमधली ठिणगी नेमकी कधी पडावी, हे ठरवायचे कुणी? आजवर या प्रश्नाची चार उत्तरे होऊन गेली आणि प्रत्येक उत्तराबरोबर गाडी दुरुस्त करणाऱ्याचे स्थानही बदलत गेले.

पहिले उत्तर होते स्वार. जुन्या गाड्यांच्या हँडलवर एक छोटी दांडी असे. किक मारताना ठिणगी उशिरा पाडायची, वेग वाढला की आधी. अंदाज चुकला तर किक उलटी बसून पायाचे हाल. पुढे हे काम स्प्रिंगला बांधलेल्या दोन वजनांनी घेतले. इंजिन जोरात फिरू लागले की वजने बाहेर फेकली जात आणि ठिणगी आपोआप आधी पडे. ती पाडत ते 'पॉइंट'. ते झिजत, काळे पडत. पण पॉलिश पेपरने घासून, गेजने फट जुळवून मेस्त्री रस्त्याच्या कडेला गाडी सुरू करून देई. रोग डोळ्यांना दिसत होता, म्हणून उपाय हातात होता.

तिसरे उत्तर सीडीआय. १९६९च्या कावासाकी एच-१ या गाडीवर पॉइंटऐवजी कपॅसिटरमध्ये साठवलेल्या विजेचा झटका कॉइलला देणारी पेटी आली. पुढच्या काही दशकांत ती आपल्याकडेही रुळली. पॉइंट घासायचे संपले, पण उघडून पाहण्यासारखेही काही उरले नाही.

चौथे उत्तर आले ते ठिणगीसाठी नव्हे, धुरासाठी. अमेरिकेतले प्रदूषणाचे नियम कडक होत होते, तेव्हा १९६७मध्ये बॉशची इलेक्ट्रॉनिक इंधनयंत्रणा फोक्सवॅगनच्या मोटारींवर बसली. १९७९मध्ये त्याच कंपनीने इंधन आणि ठिणगी यांचा हिशेब एकाच डिजिटल पेटीत आणला. मोटारसायकलींत १९८०ची कावासाकी झेड-१००० आणि १९८३ची बीएमडब्ल्यू के-१०० हे इंधन-इंजेक्शनचे सुरुवातीचे टप्पे.

भारतात २००६ साली हिरो होंडाची ग्लॅमर आणि २००७मध्ये बजाजची पल्सर २२० इंजेक्शनसह बाजारात आल्या. त्यातली पल्सर २००९मध्ये पुन्हा कार्बोरेटरवर परतली. तंत्र उपलब्ध होते, पण ते वापरण्याची सक्ती नव्हती. ती कायद्याने आणली. डॉ. रघुनाथ माशेलकर समितीच्या २००२च्या अहवालाने वाहनांच्या धुराचे निकष टप्प्याटप्प्याने कडक करण्याची दिशा दिली. २०१६मध्ये केंद्राने पाचवा टप्पा गाळून थेट सहाव्यावर जायचे ठरवले आणि १ एप्रिल २०२०पासून 'बीएस-सहा' लागू झाले. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट चालायला एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. कार्बोरेटरला हे प्रमाण सतत सांभाळणे अवघड. म्हणून साध्या रोजच्या वापरातल्या गाडीतही संगणक आला.

या ईसीएममध्ये असते तरी काय? मधोमध मायक्रोकंट्रोलर. त्याच्या स्मृतीत तक्ते साठवलेले : इतके फेरे, इतका थ्रॉटल, तर इतके पेट्रोल आणि ठिणगी इतके अंश आधी. मिनिटाला ९,००० फेरे असतील तर क्रँक एक अंश फिरायला सेकंदाचा सुमारे ५४ हजारावा भाग लागतो. तेवढ्यात हिशेब पक्का हवा. सोबत बॅटरीच्या विजेतून पाच व्होल्ट काढणारा रेग्युलेटर, सेन्सरचे संदेश स्वच्छ करणारे भाग आणि इंजेक्टर-कॉइल चालवणारे जाड ट्रान्झिस्टर. पाणी आणि हादरे यांपासून जपण्यासाठी अनेकदा या सगळ्यावर राळेसारखा थर ओतलेला असतो. तोच थर दुरुस्तीच्या आड येतो.

पेटी बिघडते ती बहुधा शेजाऱ्यांच्या पापाने. चार्जिंगचा रेग्युलेटर निकामी झाला की चौदा-साडेचौदा व्होल्टची मर्यादा ओलांडून वीज आत घुसते. इंजेक्टर किंवा कॉइल आतून शॉर्ट झाली की तिला चालवणारा ट्रान्झिस्टर जळतो. मूळ दोष न काढता नवी पेटी बसवली, तर तीही त्याच वाटेने जाते. बॅटरी न काढता चॅसीवर वेल्डिंग करणे, चालू इंजिनावर बॅटरीची वायर सोडणे, कनेक्टरवर जोराच्या पाण्याचा फवारा मारणे हेही नेहमीचे गुन्हेगार. पुरात बुडालेल्या गाडीची चावी फिरवली की ओल्या बोर्डावर वीज खेळते आणि तांबे गंजू लागते. म्हणून आधी बॅटरी सोडावी, मग बाकीचे. वयाचा आजार वेगळा. बोर्ड आणि त्यावरचे सिरॅमिक भाग तापल्यावर सारखे फुगत नाहीत. हजारो वेळा तापून-थंडावून डाखाचे सांधे तडकतात. गाडी गरम झाली की बंद आणि थंड झाली की चालू, असा लपंडाव त्यातून सुरू होतो.

तरीही ईसीएम हा पहिला नव्हे, शेवटचा संशयित असावा. सैल अर्थिंग, गंजलेली पिन, उंदराने कुरतडलेली वायर, मेलेला सेन्सर हे सगळे पेटीच्या मृत्यूचेच सोंग घेतात. फरक ओळखायला मीटर हवा, वायरिंगचा नकाशा हवा आणि दोषाचे कोड वाचणारे यंत्र हवे. मीटर कोणत्याही दुकानात मिळतो. बाकीच्या दोन गोष्टी मात्र बव्हंशी कंपनीच्या अधिकृत केंद्रात राहतात. म्हणून वायरिंगमधल्या चार पैशांच्या दोषासाठी ग्राहकाच्या हातात हजारोंच्या नव्या पेटीचे अंदाजपत्रक पडू शकते.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली, त्यात वाहन क्षेत्राचाही समावेश केला. हा प्रश्न केवळ पैशांचा नाही. हवा स्वच्छ व्हावी म्हणून समाजाने ही पेटी स्वीकारली आणि ते योग्यच झाले. पण गाडीचे दुखणे वाचण्याची विद्या पेटीबरोबर कुलूपबंद व्हावी, असे त्या कायद्यात कुठेही लिहिलेले नव्हते. पॉइंट घासणाऱ्या मेस्त्रीच्या मुलाच्या हातात वायरिंगचा नकाशा दिला, तर तो मीटर घेऊन हेही शिकेल. प्रश्न नकाशा देण्याचा आहे.