कॉस्टिक सोडा, रोलर आणि कुरळे केस

१/ विसाव्या शतकातील अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्रीचे केस ही केवळ तिची खासगी बाब नव्हती. नोकरी हवी तर केस 'नीटनेटके' हवेत, आणि नीटनेटके म्हणजे गोऱ्यांसारखे सरळ, हे समाजाने गृहीत धरले होते. या अपेक्षेची झळ केसांना व टाळूला कशी लागली आणि ती सौम्य करण्याची विद्या कोणी जपली, त्याविषयीचा हा थ्रेड.

२/ आधीचे साधन म्हणजे तापवलेला धातूचा कंगवा. त्याने सरळ केलेले केस घामाने वा पावसाने पुन्हा कुरळे होत. टिकाऊ उपाय रसायनात सापडला. पुरुषांमध्ये 'काँक' रूढ झाला: कॉस्टिक सोडा, बटाटे आणि अंडी यांचे मिश्रण. माल्कम एक्स यांच्या १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्या दाहाचे वर्णन आहे; आपल्या काँककडे ते पुढे आत्मअवमान म्हणून पाहू लागले.

३/ १९५४मध्ये जॉर्ज आणि जोन जॉन्सन या दांपत्याने शिकागोत कंपनी स्थापन केली. आधी पुरुषांसाठी, मग 'अल्ट्रा शीन' या नावाने स्त्रियांसाठी त्यांची उत्पादने आली. सरळ केसांना डौल देण्यासाठी स्त्रिया रोलरकडे वळत.

४/ यामागचे विज्ञान असे. केसांतील गंधकाचे डायसल्फाइड बंध मजबूत असतात. कॉस्टिक सोडा ते कायमचे तोडतो. हायड्रोजन बंध मात्र पाण्याने सुटतात आणि केस वाळताना पुन्हा जुळतात. रोलरचे सारे काम या दुसऱ्या बंधांवर चालते. म्हणूनच त्याला नव्या रसायनाची गरज नसते.

५/ तरीही धोका उरतोच. रिलॅक्सर लावलेले केस आधीच दुबळे. ओले झाल्यावर अधिकच. म्हणून जाणत्या केशरचनाकार स्त्रिया रुंद दातांच्या कंगव्याने टोकांकडून मुळांकडे गुंता सोडवत, सेटिंग लोशन लावत, मोठे व गुळगुळीत रोलर निवडत, टोकांभोवती पातळ कागद ठेवत आणि मुळाशी ताण येऊ देत नसत. केस पूर्ण वाळून थंड झाल्यावरच रोलर निघे. ओलसर केसांतील वळण लगेच उतरते आणि मग तप्त इस्त्रीचा मोह होतो.

६/ सर्वांत नाजूक जागा म्हणजे नव्याने उगवलेले कुरळे केस आणि जुने सरळ केस यांची सीमा. केस बहुधा तिथेच तुटतात. त्यामुळे पुढच्या खेपेस रिलॅक्सर फक्त नव्या वाढीला लावायचा, जुन्या केसांवर पुन्हा चढवायचा नाही, हा दंडक होता.

७/ सरकारचा अधिकृत इशारा मात्र उशिरा आला. १९७०च्या दशकाच्या मध्यास केंद्रीय व्यापार आयोगाने जॉन्सन यांच्या कंपनीला रिलॅक्सरवर धोक्याची सूचना छापायला लावली. प्रतिस्पर्धी रेव्हलॉनवर तसेच बंधन येण्यास आणखी सुमारे दोन वर्षे गेली. इशारा योग्यच होता. पण तो आधी एकट्या कृष्णवर्णीय मालकीच्या कंपनीच्या माथी आला.

८/ २०१९मध्ये कॅलिफोर्नियाने नैसर्गिक केसांवरून होणाऱ्या भेदभावास कायद्याने मनाई केली. त्याआधीच्या कित्येक पिढ्यांत केस वाचले ते सलूनमधल्या स्त्रियांच्या हातांमुळे. त्या हातांची नावे इतिहासात फारशी नोंदली गेली नाहीत.