वामकुक्षी

वामकुक्षी म्हणजे दुपारच्या जेवणानंतर डाव्या कुशीवर घेतलेली अल्पकालीन विश्रांती होय. 'वाम' म्हणजे डावा व 'कुक्षी' म्हणजे कूस. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन साचत जाते व त्यामुळे पेंग येते. चहा-कॉफीतील कॅफिन त्याचा परिणाम केवळ काही तास रोखते. झोपेत मात्र त्याचे प्रमाण प्रत्यक्ष घटते. म्हणून १० ते २० मिनिटांच्या डुलकीनेही तरतरी येते. ती फार लांबल्यास झोप गाढ होऊन उठल्यावर जडपणा जाणवतो आणि रात्रीची झोप बिघडू शकते. आयुर्वेदात ग्रीष्म ऋतू वगळता निरोगी व्यक्तीस दिवसा झोपणे सामान्यतः वर्ज्य मानले आहे. पुरेशा झोपेनंतरही थकवा टिकल्यास रक्तक्षय, थायरॉईडचे विकार इत्यादींची वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरते.